ढमढेरेबाईंचे उंदीर आणि कमिटीचे कान

तालुका संपतो तिथं एक गाव होतं, आणि त्या गावात लखू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणते आहे मी, वेडा नाही. वेडा माणूस सांगितलेलं ऐकत नाही. लखू सगळं ऐकायचा. सांगितलं तेवढं करायचा, सांगितलं तसं करायचा, आणि तिथंच घोटाळा व्हायचा.

गावाबाहेर माळावर एक संशोधन केंद्र होतं. तिथं डॉक्टर ढमढेरेबाई काम करायच्या. बाई हुशार. पदव्यांपुरत्या नव्हे, खरोखरच्या हुशार. त्यांचे वडील तापातून उठले, पण अन्नावरची वासनाच गेली. भरल्या ताटासमोर बसून बसून वाळून गेले बिचारे. तेव्हापासून बाईंनी ध्यास घेतला, मेलेली भूक जागी करणारं औषध काढायचं. माळावरच्या एका मुळीतून ते काढलंही. आता राहिलं एवढंच, की आधी ते उंदरांवर लागू पडायला हवं. मग सरकारची मोठी कमिटी येणार. कमिटीनं हो म्हटलं तर औषध माणसांना देऊन बघता येणार. नाही म्हटलं तर सगळी मेहनत कपाटात जाणार.

बाईंना हाताखाली माणूस हवा होता. आधीचा माणूस शहाणा होता. बाई एक सांगायच्या, तो स्वतःच्या अकलेनं दुसरंच करायचा. म्हणून लखूच्या आईनं लखूला पुढं केलं.

"बाई, माझा लेक सांगाल तेच करतो."

"मला असाच हवा," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या.

पहिल्या दिवशी काचेच्या नळ्या आल्या. लखूनं त्या ओढ्यावर नेल्या, राखेनं घासल्या, धोतराच्या सोग्यानं पुसल्या आणि आत मांडल्या. दोन दिवसांत नळ्यांना बुरशीची दाढी आली.

"लखू, तुला डोकं आहे की नाही?"

"आहे की बाई."

"अरे, बाहेरून येणारी वस्तू आधी उकळत्या पाण्यात घालायची. चांगली खळखळून उकळायची. मगच आत आणायची."

"हां बाई." लखूनं पक्कं ध्यानात ठेवलं.

मग आला तापमापक. साधासुधा नव्हे, बर्फाहून गार असेल ते मोजणारा. पदार्थविज्ञानाच्या पेंडसेसरांनी तो परदेशातून मागवला होता. आपलं लेकरू यावं तशी वाट बघत होते. लखूनं दारातच घेतला आणि घातला पातेल्यात. फट्‌ असा आवाज झाला. पेंडसेसर धावत आले, तर लखू चमच्यानं काचा बाहेर काढत होता.

"सर, जरा जास्त उकळला वाटतं."

सर मटकन खाली बसले. बाई ओरडल्या, "लखू, तुला डोकं आहे की नाही?"

"आहे की बाई. मघाशीच सांगितलं."

"अरे, नाजूक चीज ती! नाजूक असेल ते उकळायचं नाही. कापसात गुंडाळायचं आणि कपाटात ठेवायचं. कोरडं, अंधारात, आणि हलवायचं नाही."

"हां बाई." पक्कं ध्यानात ठेवलं.

मग आले मासे. नदीच्या पाण्यात विष आहे का ते तपासायला पर्यावरणवाल्या रेखाताईंनी बोटाएवढे मासे मागवले होते. लखूनं एक तळहातावर घेऊन बघितला. काय नाजूक! एकेक मासा पुसून कोरडा केला, कापसात गुंडाळला, कपाटात ओळीनं निजवला.

दुपारी रेखाताई आल्या. "लखूदादा, मासे कसे आहेत?"

"एकदम निवांत ताई. एकही हललेला नाही."

ताईंनी कपाट उघडलं आणि नाकाला पदर लावला. इकडे बाई लालबुंद.

"लखू, अरे जिवंत जीव तो! जिवंत असेल त्याला पाण्यात ठेवायचं. हौदात सोडायचं! समजलं?"

"समजलं बाई. जिवंत असेल ते हौदात."

आता तुम्हाला पुढचं दिसतं आहे. मला दिसतं आहे. बाईंना दिसलं नाही, कारण त्या मुळ्या कुटत बसल्या होत्या. आणि उंदीर आले. पांढरेशुभ्र, गुलाबी कानांचे. बाईंचं सगळं नशीब त्या उंदरांवर. लखूनं एक उचलला, त्यानं चूं केलं. जिवंत आहे! सगळे हौदात.

बाईंनी चपला न घालता हौदात उडी मारली. एकेक उंदीर शेपटीला धरून काढला, पदरानं पुसला, उन्हात मांडला. वाचले सगळे. बाईंना मात्र पडसं झालं. शिंकत शिंकतच त्यांनी लखूला समोर बसवलं आणि अगदी सावकाश, शब्दाशब्दावर थांबत सांगितलं.

"हे बघ. नाकानं श्वास घेतो ना, त्याला जाळीत ठेवायचं. बाहेरून कडी घालायची. मधोमध चण्यांची थाळी ठेवायची. अर्ध्यांना हिरव्या बाटलीतलं औषध पाजायचं, त्यांच्या कानाला जांभळ्या शाईचा ठिपका लावायचा. उरलेल्यांना नुसतं पाणी, आणि कानाला हळदीचा ठिपका. मग लांब बसून बघायचं, कोण खातं."

"नाकानं श्वास घेत असेल तर," लखू म्हणाला.

"हो रे बाबा, नाकानं."

आणि काय सांगू, हे लखूनं तंतोतंत केलं! जांभळ्या कानांच्या उंदरांनी चण्यांचा फन्ना उडवला. पिवळ्या कानांचे नुसते मिशा हलवत बसले. बाईंनी लखूच्या पाठीवर थाप मारली. कमिटीला बोलावणं गेलं.

कमिटीचे मुख्य होते खरवंडीकरसाहेब. वाळक्या शेंगेसारखा माणूस. कुठंही गेले तरी बिस्किटसुद्धा बाजूला सारायचे. कुणाचंही काही मंजूर करायचे नाहीत, ही त्यांची ख्याती. बाई त्यांना आणायला खाली फाट्यावर गेल्या. कमिटी मागच्या रस्त्यानं जीपमधून थेट माळावर आली. दारात एकटा लखू.

लखूनं साहेबांच्या नाकाखाली तळहात धरला. गरम वारा लागला.

"काय करतोस रे?"

"काही नाही साहेब. श्वास घेता तुम्ही."

"मग काय घेऊ नको?"

"घ्या, घ्या. असे इकडे या."

केंद्रामागं रोपांसाठी केलेली जाळीची मोठी खोली होती. वांग्याची रोपं हातभर वाढलेली. कमिटीला वाटलं, पाहणी इथूनच सुरू होते. मंडळी आत जाऊन बाकांवर बसली. लखूनं मधोमध चणे ठेवले आणि सगळ्यांना चहा दिला. अर्ध्या कपांत हिरवी बाटली. मग शाई आणि हळद घेऊन आला.

"साहेब, कान."

आता सरकारी माणसाची एक गंमत असते. कुठं त्याला फेटा बांधतात, कुठं नारळ देतात, कुठं गळ्यात हार घालतात. काहीही घेऊन पुढं या, तो मान खाली घालतो. इथं कानाला लावायची पद्धत असेल, असं म्हणून सगळ्यांनी मुकाट्यानं कान पुढं केले. लखू बाहेर आला, कडी घातली आणि लांब दगडावर जाऊन बसला.

बाई फाट्यावरून धापा टाकत परतल्या तेव्हा खरवंडीकरसाहेबांच्या कानाला जांभळा ठिपका होता आणि तोंडात कोवळं वांगं. चणे केव्हाच संपले होते. दुसरे जांभळे साहेब थाळी चाटत होते. पिवळ्या कानांची मंडळी तोंड उघडं टाकून बघत होती.

"लखू! अरे मेल्या, हे काय केलंस?"

"सांगितलं तेच, बाई. बघा तरी, जांभळेच खातात."

आयुष्यभराचं काम, आणि कमिटी पिंजऱ्यात! त्यांनी कडी काढली, आत धावल्या, हात जोडले. घडलं ते सगळं खरंखरं सांगितलं.

खरवंडीकरसाहेबांनी वांगं गिळलं. "बाई, पोरगा असल्यापासून मला अशी भूक लागली नव्हती."

"म्हणजे साहेब, मंजुरी..." बाईंनी विचारलं.

"मंजुरी?" साहेब एकदम खुर्चीतल्यासारखे ताठ झाले. "एकदा घडलं त्याला आम्ही निकाल म्हणत नाही. पुन्हा करून दाखवलं पाहिजे. उलटं करून. जांभळ्यांना पाणी, पिवळ्यांना औषध. तेव्हा मंजुरी. त्याआधी कोणी इथून..."

बाहेर कडी वाजली.

"लखू!" बाई आतून ओरडल्या. "अरे, मी आत आहे!"

"ठाऊक आहे बाई. श्वास घेता की तुम्ही." लखूनं चण्यांची नवी थाळी आणि चहाचे कप जाळीखालून आत सरकवले. मग जाळीतून बोट घातलं. "इकडे करा कान."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब थाळीकडे पाहत होते, पण मघाच्या औषधाचा अंमल उतरला होता, हात पुढं जात नव्हता. पिवळ्या मंडळींनी कप तोंडाला लावले होते. बाईंनी एक मोठा श्वास घेतला, आणि ज्या बाईनं आजवर कुणापुढं मान लववली नव्हती तिनं मुकाट्यानं कान जाळीला लावला. कप उचलला. हळूच विचारलं,

"लखू, माझ्या कपात औषध आहे की पाणी?"

लखू गोरामोरा झाला.

"असं काय करता बाई? उंदरांना सांगतो का आपण?"