रुमालाखालची बोटं

गावात कॉम्प्युटर नवा होता, तेव्हाची गोष्ट. कुमुदच्या डाव्या हाताची तर्जनी एकटीच बटणं दाबत फिरे. करंगळी विनवी, "ताई, माझं एक तरी बटण मला दाबू दे."

"तुला नाही जमायचं गं, चिमुरडे."

टायपिंगच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी, "उद्या बटणांकडे न बघता टाइप करायचंय," म्हणत कुमुदच्या हातांवर रुमाल टाकला. बटणं दिसेनात, तशी तर्जनी भलतीकडेच भटकली. "आता कुमुद नापास होणार," ती रडवेली झाली.

करंगळी म्हणाली, "ताई, तुझ्या बटणावर बारीक उंचवटा आहे ना? तिथेच बस. तू घरी असलीस की आम्हालाही आमची घरं सापडतात."

तर्जनी उंचवट्यावर टेकली. पलीकडे मधलं बोट, अनामिका आणि टोकाला करंगळी बसली. तिने हळूच आपलं बटण दाबलं. पडद्यावर हवं तेच अक्षर उमटलं.

"जमलं की गं तुला," तर्जनी म्हणाली आणि जागची हलली नाही.