दोन वाजता थांबणारा कारखाना

फिनलंडमध्ये कूसिलाहती नावाचे एक गाव आहे, तळ्याच्या काठी. तिथल्या लाल विटांच्या कारखान्यात गोळ्या तयार होतात, काळ्या आणि खारट. गोळीचे नाव लेम्पी. त्या देशात ती लहानथोरांच्या खिशात असते आणि परक्या माणसाला पहिल्यांदा दिली की तो तोंड वेडेवाकडे करतो. या कारखान्यात दुपारी दोनला सगळी यंत्रे बंद होतात. कढयांखालची आग विझवतात. कामगार, कारकून, खुद्द मालक, जो जिथे असेल तिथे खाली बसतो. पाऊण तास कुणी काही करत नाही. बाहेर मालाची गाडी उभी असली तरी उभीच राहते.

पाहुण्यांना हे दाखवायचे काम केर्टूबाईंकडे आहे. वय अठ्ठ्याहत्तर. हसणे कमी, बोलणे नेमके. हे का, असे कुणी विचारलेच, की त्याही बाकावर बसून घेतात आणि लेम्पीची हकीकत सांगतात.

लेम्पी ही पूर्वी या गावात गोळ्या करणारी बाई. ज्येष्ठमध उकळायचा, त्यात साखर घालून आटवायचे आणि थंड झाले की सुरीने तुकडे पाडायचे, हा तिचा धंदा. नवरा हिवाळाभर जंगलात लाकूडतोडीला. घरात गुडघ्यांनी अधू झालेली सासू कारोलीना आणि चार वर्षांची मुलगी वेन्ला. एका हिवाळ्यात गावात डांग्या खोकला आला. घराघरांतून पोरे खोकून खोकून काळीनिळी व्हायला लागली. ज्येष्ठमधाच्या गोळीने जरा आराम पडायचा, एवढाच आधार. तेव्हा लेम्पीने चर्चमध्ये उभे राहून शपथ घेतली, म्हणे, की गावातला शेवटचा खोकला थांबेपर्यंत माझ्या कढईखालची आग विझणार नाही. शपथ घेतली त्याच आठवड्यात वेन्लाही खोकायला लागली.

एकतीस घरे होती. रोज कढई लावायची, रोज बर्फ तुडवत दारोदार गोळ्या पोचवायच्या, परत येऊन लाकडे फोडायची. तेवीस दिवस तिच्या डोळ्याला नीट डोळा लागला नाही. चाखून चाखून जिभेची चव गेली. वेन्ला आतल्या खोलीतून हाक मारायची आणि लेम्पी “आले गं” म्हणायची, पण जायची काही नाही. कारोलीना म्हणायची, “अगं, घटकाभर टेक. पोरीला जवळ घे.” लेम्पी चुलीत आणखी एक लाकूड सारायची. बसले तर उठवणार नाही, ही तिला धास्ती होती. आणि या गावात ‘मी थकले’ असे कुणी म्हणतच नसे. तसे म्हणणे म्हणजे भर चौकात रडण्याइतके लाजिरवाणे. माणसे काम करता करता मरायची, पण हा शब्द तोंडातून काढायची नाहीत. केर्टूबाई इथे थांबतात आणि म्हणतात, “मूर्खपणा होता. अजून पुरता गेलेला नाही.”

चोविसाव्या दिवशी कढईची कल्हई उडाली. आग विझवायची नव्हती, म्हणून कल्हईवाला ऐमेली तिथेच आला आणि त्याच आगीवर त्याने कढईला कल्हई केली. आपल्याकडचे कल्हईवाले वापरतात तोच नवसागर, पांढरा खारट क्षार, त्याच्याकडे होता. उरलेला नवसागर पुडीत बांधून तो फळीवर विसरून गेला. त्या काळी तिथे साखर निळ्या कागदात यायची, आणि ऐमेलीची पुडीही तसल्याच निळ्या कागदाची होती. लेम्पीने संध्याकाळच्या कढईत साखर घातली, कमी वाटली, फळीवरची निळी पुडी घेतली आणि तीही ओतली. गोळ्या पाडल्या, एकतीस घरी पोचवल्या.

सकाळी ऐमेली दारात. “बाई, माझी पुडी राहिली काल. निळी.”

लेम्पीने रिकाम्या कागदाकडे बोट केले. तो ओरडला, “अगं, त्यानं तांब्याच्या भांड्यावरचा मळ निघतो! पोटात जायची वस्तू आहे का ती?”

लेम्पी आत धावली. वेन्लाचे ओठ काळे होते. सासूने तिला नुकतीच गोळी दिली होती. पोरगी आईला बघून म्हणाली, “आलीस? बस ना.” लेम्पी दारात उभी राहिली. इथे थांबावे, तर बाहेर एकतीस घरांत तिच्या हातचे विष. ती वळली आणि बर्फात बाहेर पडली. त्या वळण्याचे तिला मरेपर्यंत वाईट वाटत होते, असे सांगतात.

पहिले घर साइमीचे. तिला तीन मुले आणि तिघेही आजारी. लेम्पीने गोळ्या परत मागितल्या. “चूक झाली माझी. नवसागर पडला त्यात. मी…” पुढे दुसरे कारणच नव्हते. “मी थकले होते, साइमी.”

साइमी तिच्यावर ओरडणार होती. तोंड उघडलेही होते. पण तो शब्द ऐकला आणि ती उंबऱ्यावर मटकन बसली. “मीपण,” ती म्हणाली आणि हातांनी तोंड झाकून रडायला लागली. आत तिचा धाकटा गोळी गालात धरून बसला होता. रात्री छाती मोकळी झाली होती त्याची. तो गोळी द्यायला तयार होईना.

मग दुसरे घर, तिसरे घर. कुणी शिव्या दिल्या, एकीने तोंडावर दार लावले. पण प्रत्येक दारात तिला तेच वाक्य बोलावे लागले, आणि बऱ्याच दारांत तेच उत्तर मिळाले. एकतीस घरे होईस्तोवर दुपारचे दोन वाजले. परत मिळाल्या चारच गोळ्या. बाकी पोरांनी खाल्ल्या होत्या.

ती घरी आली तेव्हा कढईखाली निखारे उरले होते. तिने लाकूड उचलले. आतून वेन्लाने पुन्हा हाक मारली. लेम्पीने लाकूड खाली ठेवले, आत गेली, पोरीला मांडीवर घेतले आणि भिंतीला टेकली. तेवढ्यात तिला झोप लागली.

जाग आली तेव्हा सकाळ होती. घरात काहीही आवाज नव्हता. आगीचा नाही आणि खोकल्याचाही नाही. शपथ मोडली होती. वेन्ला मांडीवर निपचित होती. देवाने आपला हिशेब घेतला असे लेम्पीला वाटले आणि पोरीच्या छातीवर हात ठेवायचा तिला धीर होईना. तिने कशीबशी मान वळवली. कारोलीना चुलीपाशी बसली होती, लाकडे तिच्या हाताशी.

“मी घातलं नाही लाकूड,” सासू म्हणाली. “जाणूनबुजून. पाप लागलं तर मला लागू दे.”

तेव्हा मांडीवरून बारीक आवाज आला, “आई, हलू नकोस ना.”

पुढे दिवस वर येता येता साइमी लाकडांचा भारा घेऊन आली. तिच्यामागून दुसऱ्या. त्या दिवसापासून बायकांनी पाळ्या लावून कढई सांभाळली आणि रोज दोनला आग मुद्दाम विझवली. वसंतात खोकला ओसरला. गोळीने की आपल्या आपण, यावर अजून भांडतात. नवसागर कुणाला बाधला नव्हता; तो मात्र कायम राहिला, कारण पोरे आता दुसरी गोळी तोंडात धरेनात.

आजही त्या कारखान्यात नवा माणूस आला, की पहिल्या दिवशी त्याला गोळी करायला शिकवत नाहीत. दोन वाजता सगळ्यांसमोर उभे करतात आणि ‘मी थकलो’ एवढे मोठ्याने म्हणायला सांगतात. हसत हसत म्हटले तर ते धरत नाहीत. काहींना महिने लागतात, म्हणे. केर्टूबाईंना अकरा वर्षे लागली.