ढोल भरीव निघाला

एकदा एक वृद्ध वृक्षवैद्य होता. उभं झाड आतून पोखरलंय का, हे सांगणं हा त्याचा व्यवसाय. त्यासाठी त्याच्याकडे एक महागडं यंत्र होतं. खोडाभोवती खिळे ठोकायचे, त्यांना वायरी जोडायच्या आणि हातोडीने टकटक करायची. आवाज पलीकडे किती वेळात पोचतो ते यंत्र मोजी. आत पोकळी असली की आवाजाला वळसा पडतो, उशीर होतो. काही माणसांच्या डोक्यावर टकटक केली तरी असाच उशीर होतो, पण ते जाऊ द्या.

यंत्र सांभाळी त्याचा शिष्य, आणि शिष्य मोठा भाविक. दर खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ, वर पेढा. वर्षातून एकदा ते कारखान्यात पाठवून त्याचं माप जुळवून आणायचं असतं, तेवढं मात्र राहून जाई. खर्च भारी, आणि यंत्र तर चालूच होतं!

एका बाजारच्या दिवशी वारा सुटला आणि बाजारातला जुना शिरीष करकरू लागला. खाली बांगडीवाली बसलेली. तिचं तान्हं मूल फांदीला बांधलेल्या झोळीत निजलं होतं. शिष्याने धावत येऊन यंत्र लावलं, आकडा वाचला आणि ओरडला, "भरीव आहे!"

जागेचं भाडं घेणारा व्यापारी हरखला. "ऐकलंत ना? कुणी उठू नका गं!"

वर पुन्हा करकर झाली. बांगडीवालीचा हात झोळीवर थबकला.

शिष्यामागून आलेला गुरू गेला आणि बाजाराच्या कोपऱ्यातून एक कातडं फाटलेला, आरपार दिसणारा ढोल घेऊन आला. यंत्राच्या वायरी तो त्या ढोलाला लावू लागला.

"आबा, झाड डोक्यावर करकरतंय आणि तुम्ही ढोल काय तपासताय?" शिष्य कळवळला.

"टकटक कर. वाच."

शिष्याने वाचलं. "भ... भरीव."

म्हाताऱ्याने ढोलात तोंड घातलं आणि पलीकडून विचारलं, "मग मी कुठून बघतोय रे तुझ्याकडे?"

बांगडीवालीने मूल छातीशी घेऊन झोळी सोडली. बघता बघता शिरीषाखालची जागा मोकळी झाली.

"म्हणजे झाड पोकळ आहे, आबा?"

"ते मला कुठं ठाऊक? तुलाही नाही. या यंत्राला आता एकच शब्द येतो, झाड असो वा ढोल. पूजेने ते प्रसन्न झालं असेल बाबा, पण खरं बोलायला त्याला माप जुळवून लागतं. तो खर्च यंत्राचा नव्हे, तुझ्या शब्दाचा आहे."

यंत्र कारखान्यात गेलं, दुरुस्त होऊन आलं. ढोलाला लावलं, पोकळ म्हणालं. शिरीषाला लावलं, भरीव म्हणालं. करकर होती ती वरच्या दोन फांद्या एकमेकींना घासण्याची.

"बघा!" व्यापारी गरजला. "मी तेव्हाच सांगत होतो. फुकट पैसा घातला!"

शिष्याने बांगडीवालीच्या हातून झोळीची दोरी घेतली आणि फांदीला स्वतः बांधली.

"शेठ, त्या दिवशी मीही भरीवच म्हणालो होतो," तो म्हणाला. "पण ही गाठ मारायला तेव्हा माझा हात धजला नसता."

तुमच्या घरी रक्तदाब मोजायचं यंत्र असेलच. त्याला हार घालता की तपासून आणता?