उद्याचा भाव

जुन्या गाड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. पांढऱ्या व्हॅनवर हात फिरवत जयवंतशेठ म्हणाले, "तीन लाख! अशी गाडी अख्ख्या साताऱ्यात नाही, ताई."

कुमुदिनीचं डबे पोहोचवायचं कंत्राट उद्यापासून सुरू होणार होतं आणि हाती दोनच लाख होते. तिने विचारलं, "शेठ, हीच गाडी उद्या तुम्हाला विकायला आणली तर काय द्याल?"

विकायचं म्हणताच शेठची जीभ सवयीने फिरली. "टायर गुळगुळीत, पत्रा गंजलेला. दोन लाखांवर छदाम देणार नाही!"

"मग दोनच घ्या. पत्रा काही एका रात्रीत गंजत नाही, शेठ!"

सगळी गिऱ्हाइकं खो-खो हसली. शेठनी किल्ली दिली आणि गाडीला हारही स्वतःच घातला.