मिरच्यांच्या ढिगातला राजा

एका राज्यात घडलेली ही गोष्ट अक्षरशः खरी, गळ्याची आण! सांगणाऱ्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तेव्हा तो जन्मला नव्हता, पण तेवढ्याने काय बिघडते?

त्या राज्याचा राजा चंडसेन भारी तापट. एकदा धूम्रकेश जादूगार दरबारात आला, तर राजाने त्याला असे काही झोंबरे शब्द ऐकवले की बिचाऱ्याची दाढी करपली.

"एवढा तिखट आहेस, तर मिरचीच हो!" जादूगार कडाडला.

राजा सिंहासनावरून टुणकन उडाला आणि लाल मिरची होऊन कोठारातल्या ढिगात पडला.

राणी हेमकळा माहेरी होती. ती धावतपळत आली. जादूगार म्हणाला, "राणी, तीन कामं. सडकं वेगळं काढ. उरलेलं वाळव. मग एकच मिरची उचल आणि नवऱ्याला मारतात तशी हाक मार. मिरची चुकली, तर राजा जन्मभर मिरची. त्याआधी सडला, तर तेवढाही उरणार नाही."

कोठार उघडताच कुबट वासाचा भपकारा आला.

"प्रधानजी, हे काय?"

"महाराज आत आहेत, राणीसाहेब! आम्ही सकाळ-संध्याकाळ गुलाबपाणी शिंपडतो. वर रेशमी दुलई."

"मिरच्यांवर पाणी? महाराजांचं लोणचं घालायचं होतं का?"

राणी पदर खोचून बसली. पांढरी बुरशी धरलेल्या, बोटाला चिकटणाऱ्या, देठाशी काळ्या पडलेल्या मिरच्या ती टोपलीत टाकू लागली. टाकताना दर वेळी ती मिरची कानाशी धरून ऐके. हेच महाराज असले तर?

तुळईवरचा राघू बोलला, "वरून लाल दिसते ती आतून सडलेली असते, राणी. मोडून बघ."

"आणि मोडले ते महाराज निघाले तर?"

"मग चाखून सांगतो. मला तिखट लागतच नाही, ढीगभर खाईन."

"तू वरच बस!"

मग राणीने एकेक मिरची सूर्यासमोर धरली. आत काळोखी दिसली ती टोपलीत, पिवळे बी दिसले ती सुपात. टोपलीत गेलेल्यांपैकी एकही कण्हली नाही, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

निवडलेल्या मिरच्या तिने अंगणात पसरल्या. दिवसा ऊन, सांज झाली की आत. शेवटी हलवली की प्रत्येक मिरची खुळखुळू लागली. पण सगळ्या सारख्याच!

"उचल आता," जादूगार हसला.

राणीने दोन्ही हातांनी ढीग खालवर केला, आणि असा खकाणा उठला म्हणता! प्रधान शिंकले, जादूगार शिंकला, राणी शिंकली. राघू तेवढा मजेत. आणि ढिगातून बारीकसा आवाज आला, "आक्‌छीं!"

मिरचीला कधी मिरची झोंबते का? राणीने ती शिंकणारी मिरची झटकन उचलली आणि हाक मारली, "अहो!"

पहिल्याच हाकेला ओ आली आणि शाप तुटला. समोर चंडसेन उभा. मुकुट वाकडा, नाक लालभडक. प्रधान दुलईखाली लपले. जादूगार डोळे पुसत निघून गेला. राणीने उरलेल्या मिरच्या देठांसकट कोरड्या बरण्यांत भरल्या, मधे हिंगाचे खडे ठेवले, तोंडाला फडके बांधले, आणि राज्याचा कारभार पुन्हा सुरळीत झाला.

हे सारे खरे. फक्त राजाने पहिल्याच हाकेला ओ दिली, एवढे मात्र पदरचे घातले. तिसऱ्या हाकेला दिली.