कोरी काच

एकदा एक कापडाचा व्यापारी एका वृद्ध शल्यवैद्यांकडे आला. तरुणपणी त्याने आपले एक मूत्रपिंड धाकट्या भावाला दिले होते. आता उरलेल्या एकाच मूत्रपिंडात सोनोग्राफीत शेंगदाण्याएवढी गाठ दिसली होती. साधी असेल तर तिला हात लावण्याचे कारण नव्हते. कर्करोगाची असेल तर वाढण्याआधी काढणे भाग होते. नुसते चित्र पाहून ते सांगता येईना. म्हणून वृद्धांनी आपल्या शिष्याला बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासायला सांगितले.

शिष्य हुशार होता, आणि हुशार माणसांना घाई फार. त्याने सुई घातली, जे आले ते काचेवर पसरले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि सांगून मोकळा झाला, "शेठ, कर्करोगाची एकही पेशी नाही. खुशाल घरी जा."

व्यापाऱ्याच्या पत्नीला रडू आवरेना. लगोलग पेढे आले. वृद्ध आपल्या खोलीतून बाहेर येताच तिने पेढा पुढे केला. वृद्धांनी तो हातात घेतला नाही. आधी आत जाऊन शिष्याची काच पाहिली, आणि परत येऊन म्हणाले, "वहिनी, आज घरी जायचं नाही."

"अहो, पण आत्ताच तर हे म्हणाले..." तिच्या हातातला डबा खाली पडला.

"थोडा वेळ द्या. सगळं सांगतो," असे म्हणून वृद्धांनी शिष्याला आत नेले आणि एक नवी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "बघ. यात कर्करोगाची पेशी आहे?"

"नाही, सर."

"मग लिही, कर्करोग नाही."

शिष्य हादरलाच. "असं कसं लिहू, सर? काच कोरी आहे! कुणाचा तरी जीव जाईल!"

वृद्धांनी त्याची सकाळची काच पुढे सरकवली. शिष्याने पुन्हा पाहिले. नुसते रक्त होते. गाठीची सोडाच, मूत्रपिंडाचीसुद्धा एक पेशी तिथे नव्हती.

"एवढ्याशा गाठीला सुई चुकते," वृद्ध म्हणाले. "माझीही चुकते, त्यात लाज नाही. पण चुकली की 'मला कळलं नाही' एवढं म्हणायचं असतं. ते तुला जड गेलं, आणि त्या बाईने पेढे वाटले. आता बाहेर जा, तूच सांग तिला."

शिष्याने सांगितले. मान वर करणे त्याला जमले नाही. व्यापारी म्हणाला, "घाला सुई परत."

दुसऱ्या वेळी पेशी आल्या, आणि त्या कर्करोगाच्या होत्या. गाठ लहान होती, म्हणून तेवढाच भाग काढता आला. मूत्रपिंड वाचले.

शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागाची तपासणी झाली. गाठ पूर्ण निघाली, कापलेल्या कडेला कर्करोगाची एकही पेशी नाही, असा निरोप प्रयोगशाळेतून आला, आणि व्यापाऱ्याची पत्नी पुन्हा पेढे घेऊन उभी राहिली. वृद्धांनी एक उचलला. शिष्याने मात्र हात जोडले. "वहिनी, थांबा. काच एकदा माझ्या डोळ्यांनी बघून येतो."

तो परत येईपर्यंत वृद्ध पेढा हातात धरून, न खाता, बसून राहिले.