पाचवी ओटी

“पाचवी ओटी राहिलीय. ती भरू, की आधी हा काढता, बाबा?”

कोंडाबाईच्या घोट्यातून नारूचा जंत डोकावत होता, पांढऱ्या दोऱ्यासारखा. पाय निखाऱ्यावर ठेवल्यागत पेटला, तेव्हा ती बारवेतल्या पाण्याच्या देवींना, साती आसरांना, नवस बोलली होती. आग विझवा, पाच शुक्रवार गुडघाभर पाण्यात उभी राहून ओटी भरीन. चार झाले होते.

बारवेच्या वरच्या पायरीवर रहमतबाबा बसले होते. फकीर माणूस. काडीवर गुंडाळून नारू काढायचे, रोज बोटभर. घाई केली की तुटतो आणि पाय सडतो.

“पाण्यात शिरलीस की आग विझते?”

“लगेच. साऱ्यांचा नवस नाही घेत त्या. माझा घेतलाय.”

बाबांनी लोखंडी घमेलं पाण्यानं भरून पुढं सरकवलं.

“पाय ठेव.”

घोटा बुडाला. गारवा थेट काळजापर्यंत गेला. तिनं डोळे मिटले...

“आता बघ.”

नारूच्या तोंडातून पांढरं काहीतरी सुटत होतं. दुधासारखं. वारा नव्हता, तरी ते दूध आपलं आपण हलत होतं.

“त्याची पिल्लं,” बाबा म्हणाले. “पाणी लागलं की सोडतो. तू पाण्याकडं जावंस म्हणून तर आग लावतो. चार शुक्रवार इथवर कोण चालत आलं माय, तू की तो?”

कोंडाबाईनं पाय घमेल्यातून बाहेर ओढला.

“ओंजळभर पी त्यातलं.”

ती मागं सरली.

“सून इथलंच पाणी नेते ना?”

सुनेला सहावा महिना होता. सकाळीच तिनं दोन घागरी नेल्या होत्या...

“बाबा, माझ्यात कुठून आला हा?”

“गेल्या साली कुणीतरी असाच नवस फेडला असेल. तेच पाणी तू प्यालीस.”

बाबांनी घमेलं उचललं आणि बारवेपासून लांब, तापल्या फुफाट्यात ओतलं. खांद्यावरचं सुती फडकं तिच्या हाती दिलं.

“दुहेरी करून घागरीला बांध. गाळल्याबिगर घोट नको.”

“आणि ओटी?”

“भर की. पायरीवरून.”

“मग पाय जळतच राहील...”

बाबांनी आपल्या पायावरची चिंधी सोडली. घोट्याशी काडी होती, काडीवर पांढरे वेढे.

“बावीस दिवस झाले. मीही आसरांनाच नवस बोललोय.”

“काय बोललात?”

“जळेन, पण पाण्यात उतरणार नाही... तूही तेवढंच बोल, माय.”